बेचाळीस मिलिमीटर कुठे गेले?

साखर कारखान्यातलं ऑफ-सीझनचं काम म्हणजे पाच महिने रमतगमत चालायचं आणि शेवटच्या पंधरवड्यात जीव काढायचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका कारखान्यात पाइपिंगचं काम आमच्याकडे होतं तेव्हाची ही गोष्ट. बॉयलरचं अग्निप्रदीपन झालेलं, मोळी टाकायची तारीख ठरलेली, आणि कच्च्या रसाच्या पंपापासून ज्यूस हीटरकडे जाणाऱ्या सहा इंची लाइनमध्ये एकच तुकडा बसायचा राहिला होता. दोन एल्बो, म्हणजे वळणाचे जोडतुकडे, आणि मधे तिरपी नळी, एवढंच. तो तुकडा शॉपमध्ये तयार करून जागेवर नेला आणि बसला नाही. का बसला नाही हे शोधायला आम्हाला अर्धा दिवस लागला. तो अर्धा दिवस इथे मांडतोय, कारण उत्तर न जुळलेल्या टोकाशी राहिलेल्या फटींमध्येच लिहिलेलं होतं, आम्हाला ते वाचता येत नव्हतं.

आधी जागा समजून घ्या. जुना पंप काढून नवा बसवला होता. नव्या पंपाचा हेडर, म्हणजे पंपातून निघणारा मुख्य पाइप, जुन्यापेक्षा खाली आणि एका बाजूला आला. हीटरकडची जुनी लाइन जागच्या जागी. दोन्ही पाइप आडवे आणि एकमेकांना समांतर, पण हीटरकडच्या पाइपची मध्यरेषा पंपाकडच्यापेक्षा ३८० मिमी वर आणि ५१० मिमी बाजूला. एकाच वेळी चढायचंही आहे आणि सरकायचंही आहे, अशा जोडणीला आमच्या धंद्यात रोलिंग ऑफसेट म्हणतात. सरळ चढायचं असेल तर कुठलाही फिटर तोंडी हिशेब सांगतो. चढ आणि बाजू एकत्र आली की भलेभले कागद मागतात.

वर आणि बाजूला मिळून खरं अंतर किती? ३८० आणि ५१० या काटकोनी बाजू धरल्या तर कर्ण ६३६ मिमी. पंचेचाळीस अंशाचे दोन एल्बो वापरायचे तर पुढेही तेवढंच, म्हणजे ६३६ मिमी जायला लागतं. तेवढी जागा नव्हती. एकीकडे इमारतीचा खांब, दुसरीकडे नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा फ्लँज. दोन वळणबिंदूंमध्ये, म्हणजे पाइपच्या मध्यरेषा जिथे वळतात त्या बिंदूंमध्ये, लाइनच्या दिशेने जास्तीत जास्त ४३० मिमी मिळत होते. नव्वदचे दोन एल्बो बसले असते, पण पंपाच्या तोंडाशीच दोन काटकोनी वळणं प्रोसेसवाल्यांना नको होती. मग उरला एकच मार्ग : नव्वदचे एल्बो हव्या त्या कोनात कापायचे.

३८० उंच, ५१० रुंद, ४३० लांब असं एक खोकं डोळ्यांसमोर आणा. आपली तिरपी नळी त्या खोक्याच्या एका खालच्या कोपऱ्यातून समोरच्या वरच्या कोपऱ्यात जाते. तिन्ही मापांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा : ७६७.७, म्हणजे ७६८ मिमी. हे वळणबिंदूपासून वळणबिंदूपर्यंतचं अंतर. कोन याच आकड्यांतून निघतो. ४३० ला ७६७.७ ने भागलं की ०.५६०१ येतात, हा ज्या कोनाचा कोसाइन आहे तो कोन ५५.९ अंश. आम्ही ५६ धरला. कोनमापक लावून कोन मोजत बसण्यापेक्षा तीन लांब्या नीट मोजाव्यात आणि कोन हिशेबातून काढावा, या मताचा मी आहे. टेपची चूक एक-दोन मिमीची असते, कोनमापकाची एका अंशाची. ७६८ मिमीच्या नळीवर एक अंश म्हणजे टोकाला १३ मिमी.

मापं मिस्त्रींनी स्वतः घेतली होती. आमचे मिस्त्री जुन्या वळणाचे, सुतात बोलणारे. आठ सूत म्हणजे एक इंच. टेप मिमीची वापरतात, पण मनात सूतच असतं. उंची लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने घेतली. नळीत हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी पाणी खोटं बोलतं, म्हणून ते आधी दोन्ही टोकं एकत्र धरून पाण्याची रेघ जुळते का बघतात, मगच दुसरं टोक पुढे पाठवतात. बाजूचं माप ओळंब्यावरून घेतलं. पाइपचा मध्य हवेत असतो, त्याला टेप लावता येत नाही, म्हणून तळापासून तळापर्यंत मोजतात. दोन्ही पाइप एकाच व्यासाचे असतील तर हे माप आणि मध्यापासून मध्यापर्यंतचं माप एकच.

इथे दोन्ही पाइप सहा इंचीच होते, पण एकाच व्यासाचे नव्हते. भारतात काम करणाऱ्याला ही अडचण कधी ना कधी येतेच. आयएस १२३९ या भारतीय मानकाप्रमाणे १५० मिमी पाइपचा बाहेरचा व्यास १६५.१ मिमी, आणि अमेरिकन मानकाच्या सहा इंची पाइपचा व एल्बोचा १६८.३ मिमी. हीटरकडची जुनी लाइन पहिल्या जातीची, नवं सगळं दुसऱ्या. डोळ्याला कळत नाही. टेप गुंडाळली की परिघात १० मिमीचा फरक दिसतो. तळापासून तळापर्यंत उंची ३८२ आली होती, त्यातून दोन त्रिज्यांमधला १.६ मिमीचा फरक वजा करून मिस्त्रींनी ३८० लिहिले. हे त्यांनी न सांगता केलं, म्हणून मला त्या मापांबद्दल शंका नव्हती. शंका असायला हवी होती ती माझ्या सहीबद्दल.

कारण नळीची कापलांबी मिस्त्रींनी काढली नव्हती. ती काढली होती आयटीआय करून नुकत्याच आलेल्या पोराने, आणि त्या कागदावर मी चालता चालता सही केली होती.

एल्बो कापायचं कामही त्या पोरानेच आखून दिलं आणि ते अगदी बरोबर होतं. लाँग रेडियस, म्हणजे मोठ्या वळणाच्या एल्बोच्या मध्यरेषेची त्रिज्या नाममात्र मापाच्या दीडपट असते, म्हणजे सहा इंचीला नऊ इंच, २२८.६ मिमी. बाहेरच्या व्यासाच्या दीडपट नव्हे, इथेही पुष्कळ जण घसरतात. नव्वदच्या एल्बोच्या बाहेरच्या पाठीवर टेप लावली की ४९१ मिमी भरते, आतल्या पोटावर २२७. छप्पन्न अंश हवेत तर त्रैराशिक : ४९१ गुणिले ५६ भागिले ९० बरोबर ३०६, आणि पोटावर १४१. दोन्हीकडे खुणा करायच्या, बाजूच्या मध्यरेषेवर २२३ ची खूण करायची, पत्र्याची पट्टी गुंडाळून रेघ मारायची आणि गॅसने कापायचं. उरलेला ३४ अंशाचा तुकडा टाकायचा नाही, कुठे ना कुठे लागतोच. ग्राइंडर मारून काठ तिरपे, म्हणजे बेव्हल केल्यावर दोन्ही एल्बो ठाकठीक छप्पन्नचे झाले होते.

इथपर्यंत सगळं बरोबर. दुपारी तुकडा जागेवर चढवला. पंपाच्या बाजूचा एल्बो पाइपला टॅक केला, म्हणजे वेल्डिंगच्या दोन-चार ठिपक्यांनी तात्पुरता धरला. फिरवायचा कोन आधीच काढून ठेवला होता : ३८० भागिले ५१०, म्हणजे आडव्या रेषेपासून ३६.७ अंश. पाइपवर तो मोजायला कोनमापक लागत नाही. बाहेरचा परीघ ५२९ मिमी, त्यामुळे एक अंश म्हणजे जवळजवळ दीड मिमी. पाइपच्या बाजूच्या मध्यरेषेपासून टेपने ५४ मिमी वर गेलं की खूण. एल्बोची पाठीची रेघ तिच्या बरोबर समोरच्या खुणेवर आणली की एल्बो योग्य दिशेला तोंड करतो. तेही नीट जमलं होतं.

हीटरच्या बाजूला मात्र तोंड जुळेना. तुकड्याचं टोक जुन्या पाइपपेक्षा खाली होतं, बाजूला कमी पडत होतं, आणि मधे फटही मोठी होती.

मिस्त्रींनी एकच वाक्य टाकलं, "सायेब, नळी तोकडी हाय."

कारखान्याचे फोरमन म्हणाले, "तीनही मापं चुकली म्हणजे मोजणाराच चुकला." मिस्त्रींचा चेहरा पडला. तिघं-चौघं जमले की जे होतं तेच मग सुरू झालं. लेव्हल ट्यूबमध्ये बुडबुडा असेल, ओळंबा वाऱ्याने हलला असेल, खांब सरळ नसेल. प्रत्येक फटीला वेगळं कारण. फोरमननी शेवटी त्यांचा हुकमी तोडगा काढला : "चेन ब्लॉक लावा आणि ओढून घ्या, पाइपच आहे तो, येतो."

पाइप येतो, यात वाद नाही. पण तो जिथून येतो तिथे पंप आहे. ओढून वेल्ड केलेली लाइन स्प्रिंगसारखी ताणलेली राहते आणि तो ताण हेडरमधून पंपाच्या नोझलवर, म्हणजे तोंडावर जातो. पंप आणि मोटर यांची शाफ्ट कपलिंगला, म्हणजे दोन्ही जिथे जोडतात तिथे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत जुळवलेली असतात. लाइन ओढली की ती जुळणी गेली. मग बेअरिंग गरम होतं, मेकॅनिकल सील गळतं आणि ऐन सीझनमध्ये रात्री दोन वाजता पंपवाल्या कंपनीला शिव्या बसतात. चेन ब्लॉकला मी नाही म्हणालो. फोरमन नाराज झाले, पण कपलिंगची जुळणी त्यांच्याच खात्याने केली होती, त्यामुळे फार ताणलं नाही.

मी तिन्ही फटी मोजायला सांगितल्या. जुन्या पाइपच्या टोकावर मध्याच्या खुणा पंच करून ठेवल्या होत्या, त्यांच्यावरून मापं आली : टोक २१ मिमी खाली, २८ मिमी बाजूला कमी, आणि दोन तोंडांमध्ये साडेसव्वीस मिमी मोकळी जागा. हीटरकडच्या एल्बोचं तोंड जुन्या पाइपच्या तोंडाला समांतर होतं, गुण्या लावून बघितला. म्हणजे दोन्ही एल्बोंचा कोन सारखा होता.

कागदाच्या मागच्या बाजूला मी सहज भागाकार केले. २१ भागिले ३८० म्हणजे साडेपाच टक्के. २८ भागिले ५१० म्हणजेही साडेपाच टक्के. आता मजा वाटायला लागली. साडेसव्वीस भागिले ४३०, सहा टक्क्यांच्या वर. हे बसेना. पाच मिनिटं डोकं खाजवल्यावर पोरगाच म्हणाला, "सर, तीन मिलिमीटर रूट गॅप तर हवाच ना मधे?" बरोबर. वेल्डिंगसाठी प्रत्येक जोडात फट ठेवतोच आपण. ३.१५ च्या वेल्डिंग रॉडवरचा फ्लक्स झटकून आतली तार वाकवून मधे अडकवायची, की झाला गॅप. ते ३ मिमी वजा केले तर साडेतेवीस राहिले. साडेतेवीस भागिले ४३०, साडेपाच टक्के.

तिन्ही मापांमध्ये तूट एकाच प्रमाणात. मोजणाऱ्याच्या हातून अशी चूक होत नाही. लेव्हल ट्यूब चुकली असती तर उंचीच चुकली असती, बाजूचं माप बरोबर आलं असतं. एल्बो चुकीच्या खुणेवर फिरवला असता तर एक माप वाढून दुसरं कमी झालं असतं. छप्पन्नऐवजी कमी कोन कापला गेला असता तर चढ आणि बाजू कमी पडून पुढची लांबी मात्र जास्त झाली असती, तोंड खुपसलं असतं. तिन्ही दिशांना सारख्याच प्रमाणात कमी पडायला एकच गोष्ट आखूड असावी लागते आणि ती तिन्ही दिशांनी जाणारी असावी लागते. तशी गोष्ट इथे एकच होती, तिरपी नळी.

तूट किती तेही फटींनीच सांगितलं. पुन्हा खोकं, पण आता छोटं : २१, २८ आणि साडेतेवीस. वर्ग, बेरीज, वर्गमूळ : ४२ मिमी. मिस्त्रींनी मनातल्या मनात रूपांतर केलं, "तेरा सूत आनि वर थोडं." नळीवर टेप लावली. कागदावर ४७७ लिहिलं होतं आणि नळीही ४७७ च होती. कापणारा चुकला नव्हता, आकडाच चुकला होता.

आता प्रश्न असा की ४७७ आला कुठून. कापलांबीचा हिशेब साधा असतो : मध्य ते मध्य अंतरातून दोन एल्बोंचे टेक-ऑफ आणि दोन रूट गॅप वजा. टेक-ऑफ म्हणजे एल्बोच्या तोंडापासून त्याच्या वळणबिंदूपर्यंतचं अंतर. वळणबिंदू एल्बोच्या अंगावर नसतोच, दोन्ही तोंडांच्या मध्यरेषा सरळ वाढवल्या की त्या जिथे छेदतात तो. पोराच्या कागदावर फक्त उत्तर होतं. मी त्याला हिशेब पुन्हा करायला लावला. ७६८ वजा ६ वजा २८५, उत्तर ४७७.

"२८५ कसे?"

"एका एल्बोचे १४२.५, सर. नव्वदचा टेक-ऑफ २२९. छप्पन्नचा म्हणून गुणिले ५६ भागिले ९०."

सकाळी त्याने याच त्रैराशिकाने एल्बोच्या पाठीवरचं आणि पोटावरचं अंतर काढलं होतं आणि ते अचूक आलं होतं. मग तीच युक्ती टेक-ऑफला लावली. चूक इथे. पाठीवरून टेप लावून मोजायचं अंतर कमानीचं असतं आणि कमान कोनाच्या प्रमाणात वाढते. टेक-ऑफ सरळ रेषेत मोजायचा असतो, तो त्या प्रमाणात वाढत नाही. सुरुवातीला हळू वाढतो, मग जोर धरतो. त्याचं सूत्र : त्रिज्या गुणिले अर्ध्या कोनाचा टॅन. छप्पन्नचा अर्धा अठ्ठावीस, त्याचा टॅन ०.५३१७, गुणिले २२८.६ बरोबर १२१.५. पोराने एका एल्बोमागे २१ मिमी जास्त वजा केले होते. दोन एल्बो, बेचाळीस मिमी.

एका गोष्टीचं मला नंतर घरी गेल्यावर आश्चर्य वाटलं. त्रैराशिक नव्वद अंशाला बरोबर येतं, शून्याला बरोबर येतं, मधे चुकतं. ही चूक सर्वांत जास्त कुठे होते ते काढून बघितलं तर ५५ अंशाच्या आसपास. म्हणजे आमच्या छप्पन्नला पोराची पद्धत जास्तीत जास्त जेवढी चुकू शकत होती तेवढी चुकली होती. वीस अंशाचा एल्बो असता तर एका एल्बोमागे दहा-अकरा मिमीचाच फरक पडला असता, आणि कुणीतरी हातोडीने ठोकून, गॅप वाढवून ते ढकलून दिलं असतं. चूक मोठी होती म्हणूनच सापडली.

त्याला पडताळा घ्यायचाही एक सोपा मार्ग होता. प्रत्येक फिटिंगच्या तक्त्यात सहा इंची पंचेचाळीसच्या एल्बोचा टेक-ऑफ ९५ दिलेला असतो. नव्वदचा २२९ आणि पंचेचाळीसचा ९५. निम्मा केला तर ११४.५ यायला हवा होता. तक्ताच सांगतोय की निम्म्या कोनाला निम्म्याहून बराच कमी. पंचेचाळीसला जर त्रैराशिक चालत नाही तर छप्पन्नला का चालेल? हे मी पोराला विचारलं तेव्हा तो गप्प बसला. हे मी स्वतःला सही करताना विचारलं नव्हतं, म्हणून मीही फार बोललो नाही.

दुसरी गंमत अशी की बरोबर आकडा साइटवर आधीपासून होता. पाइपची टोकं कापायचं काम मिस्त्रींचं. त्यांना टॅन-बिन काही माहीत नाही. त्यांनी शॉपच्या फरशीवर खडूने दोन रेघा छप्पन्नच्या कोनात मारल्या, कापलेला एल्बो त्यांच्यावर ठेवला, दोन्ही तोंडांचे मध्य रेघांवर आणले आणि तोंडापासून रेघांच्या छेदापर्यंत टेप लावली. १२२ आले. त्यात गॅपचे ३ मिळवून वळणबिंदूपासून १२५ वर पाइप कापला. एकाच जोडणीत एका माणसाने टेक-ऑफ १२२ धरला होता, दुसऱ्याने १४२.५, आणि दोघांचे कागद कधी एकमेकांशेजारी ठेवलेच गेले नाहीत. मिस्त्रींचा तर कागदच नव्हता. खडूची पद्धत सरस आहे असं मी म्हणणार नाही. खडूची रेघच दोन मिमी जाड असते, आणि फरशी लेव्हलला नसेल तर एल्बो डुलतो. पण ती वेगळ्या वाटेने त्याच आकड्याकडे जाते, आणि पडताळ्याला तेवढंच लागतं.

दुरुस्तीचे दोन पर्याय होते. ते ४२ मिमी भरून काढायला बारका तुकडा मधे घालायचा, किंवा नवी नळी. बारका तुकडा घातला असता तर सहा इंची पाइपवर दोन वेल्ड एकमेकांच्या इतक्या जवळ आले असते की दोघांची तापलेली पट्टी जवळजवळ एकच झाली असती. शिवाय एक जोड जास्त. नळी नवी कापली, ५१९ मिमी. ७६८ वजा २४३ वजा ६. यावेळी तिन्ही आकडे पोराने नळीवरच मार्करने लिहिले, आणि मिस्त्रींनी स्वतःच्या टेपने पुन्हा मोजले, मला न विचारता.

संध्याकाळी सातला तुकडा पुन्हा चढला. हीटरकडे उंचीत दीड-दोन मिमीचा फरक राहिला. जुना पाइप १६५.१ चा असल्यामुळे काठाला काठ जुळणारच नव्हता, सगळीकडून दीड मिमीची पायरी राहायचीच. ती चारही बाजूंनी सारखी वाटून घेतली आणि एल्बोच्या काठाला बाहेरून ग्राइंडर मारून उतार दिला. वेल्डरने रूट, म्हणजे वेल्डचा पहिला थर मारला. टॅक मारण्याआधी आम्ही पंपाच्या कपलिंगवर डायल गेज, म्हणजे बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारा मापक, लावून ठेवला होता. शेवटचा जोड थंड झाल्यावर फोरमन स्वतः टॉर्च घेऊन काटा बघायला वाकले. काटा दोन रेघा हलला होता. एक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.